प्रूफ नाणी घासू नका, आधी भिंगाखाली पाहा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जुन्या नाण्यांना लाखाचा भाव मिळाल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. वैष्णोदेवीचे २०१२ सालचे पाच रुपयांचे नाणे किंवा कुठला तरी राणीछाप रुपया, आणि त्याखाली एक आकडा. अशी बातमी आली की कोकणातल्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात, नाणी लख्ख घासली जातात आणि मोबाइलवरून फोटो फिरू लागतात. पुढे कुणीतरी ‘नोंदणी शुल्क’ म्हणून पैसे उकळतो, नाहीतर खरोखर मोलाचे नाणे घासल्यामुळे चांदीच्या वजनावर जाते. फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीशी बँकेचा संबंध नाही, त्यासाठी ती शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. घासून होणाऱ्या नुकसानाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. त्यातही सर्वांत जास्त नुकसान होते ते प्रूफ नाण्यांचे.

प्रूफ म्हणजे भेट देण्यासाठी, नमुना म्हणून जपण्यासाठी किंवा संग्राहकांना विकण्यासाठी टाकसाळीने खास पाडलेले नाणे. त्यासाठी डाय, म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणारा पोलादी साचा, आरशासारखी घासतात, कोरी चकतीही पॉलिश करतात आणि सावकाश चालणाऱ्या प्रेसमध्ये जास्त दाब देऊन एकाच चकतीवर एकाहून अधिक ठोके देतात. त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी दिसते, अक्षरांच्या कडा धारदार येतात आणि नाण्याची बाहेरची किनार काटकोनात उभी राहते. डाय नवी असताना पाडलेल्या पहिल्या काही नाण्यांवर चेहरा आणि नक्षी दुधी, खरबरीत दिसते. याला कॅमिओ म्हणतात. ठोके वाढतात तसा डायचा खरबरीतपणा झिजतो आणि पुढची नाणी नक्षीसकट चकचकीत येऊ लागतात. एकाच डायची दहावी आणि पाचशेवी प्रत म्हणूनच सारख्या किमतीची नसते.

कोकणात अशी नाणी आहेत. मुंबईची टाकसाळ १८२९ पासून फोर्टमध्ये उभी आहे आणि कोकणातला चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत नोकरीला आहे. प्रजासत्ताकाचा पहिला प्रूफ संच १९५० चा. एक रुपया, अर्धा रुपया, पाव रुपया, दोन आणे, एक आणा, अर्धा आणा आणि एक पैसा अशी त्यात सात नाणी. पुढे १९५४ चा, साठच्या दशकाच्या सुरुवातीचे, आणि १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीपासून जवळजवळ दरवर्षीचे संच आले. १९६९ पासून मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर इंग्रजी ‘बी’ हे चिन्ह आहे, १९९६ पासून त्या जागी ‘एम’ आले. चलनासाठी पाडलेल्या मुंबईच्या नाण्यावर बहुधा चौकटीसारखा हिरा असतो, हैदराबादच्या नाण्यावर तारा असतो आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते. गांधींचे दहा रुपयांचे चकचकीत नाणे ‘प्रूफ’ म्हणून समोर आले आणि त्यावर हिरा दिसला, तर ते मुंबईचे चलनी नाणे पॉलिश केलेले आहे, एवढे भिंगाशिवायही कळते. ही तपासणी १९६९ च्या आधीच्या नाण्यांना लागू पडत नाही. तिथे पृष्ठभाग वाचावाच लागतो.

पृष्ठभाग वाचण्याचा पाया एकच आहे: डायवर जे खोल, ते नाण्यावर उंच, आणि डायवर जे उंच, ते नाण्यावर खोल. हे पक्के झाले की अर्धे काम संपले. डाय पॉलिश करताना तिच्यावर बारीक चरे पडतात. नाण्यावर त्या उठावाच्या रेषा होऊन उतरतात. डायमध्ये अक्षरे खोल गेलेली असतात, पॉलिशचा दगड तिथे पोहोचत नाही, म्हणून या रेषा अक्षराच्या कडेपाशी थांबतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. याउलट कुणी नाणे फडक्याने पुसले तर पडणारे चरे खोल असतात आणि पार्श्वभूमीवरून अक्षरांवर, अक्षरांवरून चेहऱ्यावर सलग जातात. पहिल्या रेषा टाकसाळीच्या आहेत, त्यांनी किंमत कमी होत नाही, उलट डाय ओळखायला त्या मदत करतात. दुसऱ्या रेषा कायमचे नुकसान आहेत. तसेच डायला तडा गेला तर नाण्यावर उंच, वेडीवाकडी रेघ दिसते आणि नाण्याला ओरखडा गेला तर खोल रेघ. डाय गंजली तर नाण्यावर बारीक पुटकुळ्या, नाणे गंजले तर खड्डे.

पाहायचे कसे, तेही सांगतो. खोलीत एकच दिवा ठेवावा, टेबलाशी साधारण ४५ अंशांत. नाणे कडेने दोन बोटांत धरून प्रकाशाखाली हळूहळू फिरवावे. ठरावीक कोनातच चरे चमकतात, म्हणून पूर्ण वर्तुळ फिरवल्याशिवाय ‘स्वच्छ आहे’ असे म्हणू नये. चऱ्यांसाठी पाच पट भिंग पुरते, डायच्या खुणांसाठी दहा पट हवे. त्याहून मोठ्या भिंगाने नवशिक्याला जिथे काही नाही तिथेही काहीतरी दिसू लागते. नाण्यावर ओणवे होऊन बोलू नये, थुंकीचे सूक्ष्म थेंब पुढे काळे ठिपके होतात. व्यास मोजायला धातूचा कॅलिपर प्रूफ नाण्याला लावू नये, प्लास्टिकचा वापरावा. वजनकाटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा असावा. राणीच्या आणि राजाच्या रुपयाचे प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम. चलनात झिजलेला रुपया त्याहून हलका असू शकतो, पण प्रूफ नाणे झिजलेले नसते, त्यामुळे ते त्या आकड्याच्या अगदी जवळ यायलाच हवे. ११.४ भरले तर ओतीव नक्कल किंवा चुकीची चकती यांचा संशय घ्यावा.

ब्रिटिश काळातल्या प्रूफांचा मोठा प्रश्न री-स्ट्राइकचा आहे, आणि किमतीचा सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. कलकत्ता आणि मुंबईच्या टाकसाळींनी जुन्या डाय जपून ठेवल्या होत्या. संग्राहकांनी मागणी केली की त्याच डायने पुन्हा नाणी पाडून विकली जात. ही पद्धत १९७० च्या सुमारास बंद झाली. म्हणून १८३५ किंवा १८६२ साल असलेले आरशासारखे नाणे प्रत्यक्षात शंभर वर्षांनी पाडलेलेही असू शकते. ते खोटे नाही. टाकसाळीचेच आहे, चांदीचेच आहे. पण मूळ प्रूफ नव्हे, आणि मूळ प्रूफाचा भाव त्याला मागणे चूक आहे.

री-स्ट्राइक ओळखायला पाच ठिकाणी पाहावे लागते. आधी गंजाच्या पुटकुळ्या. मुंबई आणि कलकत्त्याच्या दमट हवेत अनेक दशके पडून राहिलेल्या पोलादी डायवर गंजाचे खळगे होतात, ते नाण्यावर उठून येतात. पुटकुळ्या बहुधा अक्षरांच्या कोपऱ्यांत आणि चेहऱ्याच्या खोल भागाशी पुंजक्याने असतात, कारण सपाट भाग पॉलिश करताना साफ होतो, कोपरे राहून जातात. मग हे पॉलिश किती खोल गेले ते पाहावे. गंज काढायला डाय पुन्हा घासली की तिचा सपाट पृष्ठभाग खाली जातो आणि कमी उठावाची नक्षी नाहीशी होऊ लागते. पानाचे देठ तुटक दिसणे, वेलीचा बारीक दोरा मध्येच गायब होणे, मुकुटाच्या मण्यांमधला तळ कोरा चकचकीत दिसणे या त्याच्या खुणा. तिसरे, जोडी. री-स्ट्राइकसाठी हाताशी असलेल्या डाय वापरल्या गेल्या, त्यामुळे पुढच्या बाजूची एका काळातली डाय आणि मागच्या बाजूची दुसऱ्या काळातली डाय एकत्र आलेली सापडते. मूळ नाण्यांत अशी जोडी कधी वापरली गेलीच नसेल, तर निकाल तिथेच लागतो. चौथे, कड. मूळ नाण्याच्या कडेवरचे दाते किती बारीक, किती खोल, की कड गुळगुळीतच आहे, हे त्याच प्रकारच्या खात्रीच्या नाण्याशी ताडून पाहावे. डाय जुनी असली तरी ठोका देताना चकतीभोवती बसवायचे, कडेला आकार देणारे कडे दुसरे वापरलेले असू शकते. शेवटी वजन आणि चकतीची जाडी.

यातली एकच खूण सापडली म्हणून निकाल देऊ नये. डाय टाकसाळीच्या वापरात असतानाही थोडी गंजू शकते. दोन-तीन खुणा एकत्र आल्या तरच री-स्ट्राइक म्हणावे. आणि तसे ठरले म्हणून नाणे फेकून देण्याजोगे होत नाही. री-स्ट्राइक गोळा करणारे वेगळे संग्राहक आहेत, काही जोड्या फार थोड्या पाडल्या गेल्या, आणि चांगला री-स्ट्राइक घासून खराब केलेल्या मूळ प्रूफापेक्षा जास्त मागणीत असतो. फक्त त्याला त्याच्या नावाने ओळखावे आणि विकावे.

आता डाय व्हरायटी. या नावाखाली बाजारात काहीही विकले जाते, म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. डाय तयार करतानाच पडलेला फरक ही व्हरायटी. डाय वापरताना झिजली, तडकली, घासली गेली, ती डायची अवस्था. आणि एखाद्याच नाण्यावर ठोका चुकला, चकती सरकली, तर ती टाकसाळीची चूक. व्हरायटीची परीक्षा सोपी आहे: त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर ती त्याच जागी, त्याच मापाची हवी. दुसरे नाणे किंवा निदान दुसऱ्या नाण्याचा स्पष्ट फोटो मिळेपर्यंत पैसे मोजू नयेत.

राणीछाप रुपये घरोघरी असल्यामुळे सराव करायला तेच बरे. १८४० च्या रुपयावर राणीचे नाव डोक्यावरून सलग गेले आहे की डोक्याच्या दोन्ही बाजूंना तुटले आहे, हा पहिला भेद. मग मागच्या बाजूच्या पानांच्या हारातली फळे मोजावीत. १९, २८, ३४, ३५ अशा वेगवेगळ्या संख्या सापडतात. मानेच्या कापलेल्या भागावर ‘डब्ल्यू डब्ल्यू’ ही विल्यम वायन या कोरणाऱ्याची आद्याक्षरे उठावाची आहेत की खोदलेली, तेही पाहावे. १८३५ च्या विल्यम राजाच्या रुपयावर त्याच जागी कुठे ‘आर एस’, कुठे ‘एफ’, तर कुठे कोरी जागा असते. १८६२ च्या रुपयाची गंमत वेगळी. १८७४ मध्ये पुन्हा चालू साल छापू लागेपर्यंत रुपयावर १८६२ हेच साल राहिले. या काळातल्या मुंबईच्या रुपयांवर मागच्या बाजूला बारीक बिंदू आहेत, वर किती आणि सालाखाली किती यावरून त्यांची विभागणी होते. त्यातच राणीच्या पोशाखाच्या पुढच्या पट्टीचे भाग आणि मागच्या बाजूचे वरचे फूल मोठे की लहान, हे भेद आणखी. म्हणजे एकाच सालाच्या रुपयांचा मोठा संग्रह होतो. १८७४ नंतरच्या मुंबईच्या रुपयांवर खालच्या फुलात ‘बी’ असतो, कधी उठावाचा, कधी खोदलेला, आणि एकाच सालात दोन्ही सापडतात. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि १९१२ पासून सोंड-पाय सुधारलेली डाय आली. हा फरक साध्या डोळ्यांनीही दिसतो. प्रजासत्ताकात १९५० चा घोडाछाप पैसा जाड आणि पातळ अशा दोन चकत्यांवर आहे. हा चकतीचा भेद झाला, पण संग्राहक दोन्ही ठेवतात.

दुहेरी अक्षरांबद्दल थोडे सावकाश सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. खरी डबल डाय म्हणजे डाय घडवताना दोन ठसे किंचित सरकून बसलेले. त्यात दुसरे अक्षरही पहिल्याइतकेच गोलसर आणि उठावदार असते आणि अक्षराच्या टोकाला खाच दिसते. ठोका दिल्यावर डाय किंचित हलली तर जे होते ते यांत्रिक दुहेरीपण. त्यात अक्षराच्या बाजूला सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर तेवढेच अरुंद झालेले असते. त्याला जादा किंमत नाही. प्रूफ नाण्यात तिसरी शक्यताही असते. दोन ठोक्यांच्या मध्ये नाणे केसभर सरकले तर सगळी अक्षरे एकाच दिशेने हलकी दुहेरी दिसतात. तीही व्हरायटी नव्हे, कारण पुढच्या नाण्यावर ती नसते.

दोन नाणी एकाच डायची आहेत का, हे मोबाइलनेही ताडता येते. दोन्हीचे फोटो एकाच उंचीवरून, एकाच बाजूच्या प्रकाशात, नाणे आडवे सपाट ठेवून काढावेत. फोटो जुळवणाऱ्या ॲपमध्ये एकावर एक ठेवून वरचा अर्धपारदर्शक करावा. किनारीच्या दात्यांशी सालाच्या आकड्यांची जागा जुळते का, ते आधी बघावे. आकडे हाताने ठोकलेल्या डायमध्ये सालाची जागा दर डायला थोडी वेगळी असते. त्यानंतर तडे आणि पॉलिशच्या रेषा. शिवाय दोन्ही बाजूंची दिशा तपासावी. स्वतंत्र भारताचे नाणे वरची बाजू वरच ठेवून उभ्या आसाभोवती फिरवले तर मागची बाजू सरळ दिसते. पाच-दहा अंशांचा फरक सामान्य आहे, पण ४५ किंवा ९० अंश वळलेले असेल तर नोंद घ्यावी, आणि प्रूफ नाण्यात तर जरूर घ्यावी, कारण ती नाणी पाडताना जास्त काळजी घेतलेली असते.

नकली नाण्यांमध्ये सर्वांत बदनाम आहे तो १९३९ चा रुपया. १९३८ च्या रुपयाचा शेवटचा आकडा कोरून किंवा १९४० नंतरच्या रुपयावर साल बदलून तो बनवतात. दुसऱ्या प्रकारच्या नकलेला पाणी उघडे पाडते. १९३९ चा रुपया ११/१२ चांदीचा, म्हणजे घनता सुमारे १०.३. १९४० ते १९४५ चे रुपये अर्ध्या चांदीचे, त्यांची घनता सुमारे ९.५. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा आणि नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता लटकवावे. ११.६६ ग्रॅमचे नाणे जास्त चांदीचे असेल तर काटा सुमारे १.१३ दाखवतो, अर्ध्या चांदीचे असेल तर १.२२. पहिल्या प्रकारची नक्कल मात्र यात सुटते, तिथे आकड्याच्या भोवतालचा पृष्ठभागच भिंगाने तपासावा लागतो. कोरणीची खरवड, आजूबाजूच्या चमकेत खंड, बाकीच्या आकड्यांपेक्षा वेगळी उंची, हे तिचे पुरावे. ही पाण्याची परीक्षा चलनी रुपयासाठीच करावी. प्रूफ नाणे पाण्यात बुडवू नये, त्याला शहरातल्या सराफाकडे असलेल्या, क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या एक्सआरएफ मशीनखाली ठेवावे. आणि कोणत्याही सोनाराला जुने नाणे कसोटीवर ओढू देऊ नये. कस कळतो, पण कडेवर कायमचा ओरखडा राहतो. प्रजासत्ताकाचा १९५० चा आणि गांधींचा १९६९ चा रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो लोहचुंबकाला चिकटायलाच हवा.

किंमत ठरवताना तळापासून वर जावे. तळ म्हणजे धातू. गांधींचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे, म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध चांदी. १९७२ चे स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपयांचे नाणे २२.५ ग्रॅमचे, पण निम्मीच चांदी, म्हणजे ११.२५ ग्रॅम. आकाराने मोठे नाणे धातूने कमी मोलाचे, हे गिऱ्हाइकाला सहसा माहीत नसते. त्यावर त्या सालच्या साध्या प्रूफाचा भाव, त्यावर अवस्था, आणि सगळ्यात शेवटी व्हरायटीची भर. अवस्था ७० गुणांच्या मोजपट्टीवर मोजतात. प्रूफाला ६५ च्या वर गुण मिळाले तर उत्तम, ६० च्या खाली गेले की ते हाताळलेले किंवा खराब झालेले प्रूफ. कॅमिओचा शेरा वेगळा मिळतो. व्हरायटीची भर मिळायला ती सूचीत नोंदलेली हवी आणि ती शोधणारे निदान दोन खरेदीदार एका वेळी लिलावात हवेत. नुसते ‘दुर्मीळ’ असून भागत नाही. फार थोडी नाणी माहीत असलेली पण कोणीच गोळा न करणारी व्हरायटी साध्या नाण्याच्या भावात जाते, हे आमचे ठाम मत आहे. भिंगाशिवाय दिसणारा फरक नेहमी जास्त विकला जातो.

संदर्भ घ्यायचा तो पार पडलेल्या लिलावातल्या बोलीचा. इंटरनेटवर कुणी मागितलेल्या किमतीचा घेऊ नये. बोलीतही फरक आहे. खरेदीदार बोलीवर कमिशन आणि कर भरतो, विकणाऱ्याला बोलीतून त्याचे कमिशन वजा होऊन पैसे मिळतात. बातमीत छापलेला आकडा बहुधा खरेदीदाराने भरलेला असतो. गुण देणाऱ्या कंपनीने सीलबंद डबीत घातलेले नाणे असेल तर डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळवावा, नकली डब्याही आहेत. १९५० चा संच पूर्ण असेल तर तो फोडू नये. सातही नाणी एकाच डब्यात वर्षानुवर्षे राहिली की त्यांच्यावर सारखा रंग चढतो, आणि हा संच मूळचाच असल्याचा तो भक्कम पुरावा असतो. डबा, पावती, टाकसाळीचे पाकीट, काहीही फेकू नये.

कायद्याबाबत थोडक्यात. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, गुण मिळवण्यासाठीसुद्धा. जमिनीत सापडलेल्या नाण्यांबाबत १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो, त्यांची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

आता जपणुकीबद्दल, कारण आपल्या किनाऱ्यावर खरा शत्रू हवाच आहे. मिरग लागल्यापासून नवरात्रापर्यंत घरातली आर्द्रता उतरतच नाही आणि वाऱ्यात मीठ असते. मिठातले क्लोराइड ब्राँझच्या पैशावर हिरवी, भुसभुशीत पूड आणते, ती आतून पसरत जाते. चांदी काळी पडते ती गंधकाने. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, चुलीचा धूर यांतून ते येते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून हिरवट चिकट थर सुटतो. लाकडी पेटीतून आम्लाची वाफ निघते, मग ती सागाची असो की फणसाची. डांबरगोळ्या आणि कापूर नाण्यांजवळ नकोत. स्टेपलच्या पिना गंजतात आणि शेजारच्या नाण्याला चरे पाडतात.

नाणी पीव्हीसी नसलेल्या कडक प्लास्टिकच्या गोल डब्यांत घालून रबरी वायसर असलेल्या हवाबंद डब्यात ठेवावीत. पाच लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल पुरते. रंग बदलणारे घ्यावे आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून, थंड करून परत ठेवावे. पावसाळ्यात हे दर पंधरवड्याला करावे लागेल. आत स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवला तर अंदाज बांधत बसावे लागत नाही, काटा ४० च्या आसपास राहावा. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये, तिथे ओल उतरते. पीव्हीसीचा चिकटपणा आला असेल तर शुद्ध ॲसिटोन वापरावे. नेलपॉलिश काढायचे द्रावण चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणे काही मिनिटे बुडवावे, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये खळबळावे, आणि न पुसता वाळू द्यावे. खिडकी उघडी हवी, शेगडी बंद हवी. याखेरीज प्रूफ नाण्याला काहीही लावू नये. चिंच, राख, रांगोळी, दंतमंजन, भांडी घासायची पावडर यांतली प्रत्येक गोष्ट आरसा एका फटक्यात मारते आणि तो परत येत नाही. काळसर झालेले नाणे काळसरच राहू द्यावे.

लक्ष्मीपूजनाच्या ताटात नाणे ठेवण्याची आपली रीत जपायलाच हवी. त्यासाठी चलनात झिजलेला राणीछाप रुपया घ्यावा. त्याला पंचामृताने आणि घासण्याने फारसे काही होत नाही. प्रूफाला पंचामृत लागले तर दह्यातले आम्ल आणि साखरेचा चिकट थर डाग सोडून जातात.

आपल्याला आमची विनंती आहे. नाण्याच्या किमतीची बातमी छापताना साल, टाकसाळीचे चिन्ह, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, नाणे चलनी, प्रूफ की री-स्ट्राइक, आणि आकडा मागितलेला की लिलावात प्रत्यक्ष मिळालेला, एवढी माहिती सोबत द्यावी. ती मिळत नसेल तर बातमी थांबवावी. हे पत्र शक्य झाल्यास गणपतीआधीच्या आठवड्यात छापावे, कारण घरोघरी चांदीची भांडी घासायला तेव्हाच काढली जातात आणि ट्रंकेतली नाणीही त्याच परातीत पडतात.

आपले,
नाणी अभ्यासणारे काही वाचक,
रत्नागिरी